‘दीडशेच्या सॉकेटला 2,350 रुपये?’ या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या तक्रारी तीन: शनिवारी येतो सांगून माणूस सोमवारी आला, दीडशेचं सॉकेट बदलायचं सोडून 2,350 रुपयांचं काम काढलं, आणि एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) एकदाही पडली नसताना घरच्यांना आगीची भीती घातली.

पहिली तक्रार शंभर टक्के खरी. आमची दोन्ही माणसं त्या दिवशी एकाच कामावर अडकली, पण एक फोन करणं माझ्या हातात होतं. तो केला नाही, माफ करा. बिलाचंही तसंच. तारेला हात लावायच्या आधी रक्कम सांगायला हवी होती आणि काढलेलं सॉकेट तुम्हाला दाखवायला हवं होतं. व्हिजिटचे 200 रुपये मी परत करतोय.

पण नुसतं सॉकेट बदलून निघायला हवं होतं, हे मला मान्य नाही.

तुमची इंडक्शन शेगडी 2,000 वॅटची. 230 व्होल्टवर ती 8.7 अँपिअरच्या आसपास करंट ओढते. ती चालत होती 6 अँपिअरच्या सॉकेटवर, मोठ्या पिनेला कन्व्हर्जन प्लग लावून. त्यात आतला स्क्रू सैल. सैल स्क्रूखाली तार नीट दाबून बसत नाही, करंटला तिथे अडथळा होतो आणि तेवढीच जागा तापत राहते. अर्धा ओहम अडथळा धरला तरी जवळजवळ 38 वॅटची उष्णता झाली. आमच्या दुकानातलं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं आहे, त्याने शिसं वितळतं. तुमच्याकडे त्याहून जास्त ताप बोर्डाच्या आत, रोज स्वयंपाक होईपर्यंत.

एमसीबी का पडली नाही? ती 16 अँपिअरची होती. लोड त्याच्या वर गेला किंवा शॉर्ट झालं तर ती पडते. सैल स्क्रूने करंट वाढत नाही, त्यामुळे तिला काही कळायचा मार्गच नाही. ‘एमसीबी पडली नाही, म्हणजे ठीक आहे’ हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकलं की काळजीच वाटते.

तुम्हीच लिहिलंय, आठवडाभर मासळीसारखा वास येत होता आणि शेजारी सुकं भाजत असतील असं वाटलं. गिरगावात तसं वाटणं साहजिक आहे. पण बोर्डाचं प्लास्टिक तापलं की पुष्कळदा असाच वास येतो. पुन्हा कधी आला तर आधी मेन स्विच बंद करा, मग आम्हाला फोन.

बोर्ड उघडला तेव्हा तारेचं तांबं काळं पडलं होतं आणि वरचं कव्हर बोटाने मोडत होतं. साधी पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते, ही त्याच्या पुष्कळ वर गेली असणार. तशा तारेवर नवं सॉकेट बसवलं असतं तर तेही जळलं असतं, आणि तेव्हा तुम्ही दिलेला एक स्टार मी निमूट घेतला असता. म्हणून मेनपासून अडीच एमएमची वेगळी वायर केसिंग पट्टीतून आणली आणि 16 अँपिअरचं सॉकेट दिलं. पैसे वायर, पट्टी आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे आहेत. हिशेब वेगळा लिहून देतो.

एक गोष्ट राहिली. तुमचा गीझरचा पॉइंट त्याच जुन्या वायरिंगवर आहे आणि तो आम्ही उघडलेला नाही. इथल्या खाऱ्या हवेत पितळी पिना हिरव्या पडतात, स्क्रू गंजतात. शनिवारी सकाळी 11 वाजता मी स्वतः येतो, जुनं सॉकेट घेऊन. तो पॉइंट उघडून स्क्रू आवळून देईन, त्याचे पैसे नकोत. तोवर अंघोळी झाल्या की गीझर बंद करून, कोरड्या हाताने त्याच्या सॉकेटच्या कव्हरला बोटांची मागची बाजू लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर शनिवारपर्यंत पाणी गॅसवर तापवा.