शाश्वत कायदा कसा घडवावा : होतकरू राज्यकर्त्यांस काही सूचना

वाचकहो, आपल्यापैकी कोणास परका मुलूख ताब्यात घेण्याचा, किंवा परके निघून गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसण्याचा योग आला, तर प्रजेतील मुसलमानांसाठी एक ईश्वरदत्त, अनादि आणि अपरिवर्तनीय कायदा आपणांस लागेलच. तो आकाशातून उतरण्याची वाट पाहू नये. तो कचेरीत तयार होतो, आणि आपल्या देशात तो तसा झालेलाही आहे.

आरंभ ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याच्या वाटेने करावा. विवाह, वारसा आणि तत्सम बाबतींत मुसलमानांना कुराणाचा व हिंदूंना शास्त्रांचा कायदा लावावा, असे त्याने 1772 मध्ये ठरवले. हे ऐकायला उदार वाटते, आणि तसे वाटणे आवश्यकही असते. अडचण एवढीच की मुफ्ती, म्हणजे धर्मशास्त्रावर मत देणारा पंडित, समोरचे प्रकरण, गावची रूढी आणि निरनिराळ्या पंडितांची मते पाहून कौल देई, आणि दोन मुफ्तींचे एकमत होईलच याची खात्री नसे. अशा कायद्यावर कारकुनाला काम करता येत नाही. म्हणून बाराव्या शतकातील मर्गिनानी या मध्य आशियाई पंडिताचा ‘हिदाया’ हा ग्रंथ निवडावा, मौलवींकडून त्याचे अरबीतून फारसीत रूपांतर करवून घ्यावे आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने 1791 मध्ये केली तशी इंग्रजी प्रत सिद्ध करावी. एका विद्वानाचे मत अशा रीतीने दोन भाषांतरे ओलांडून न्यायालयात पोहोचते, तेव्हा ते ईश्वरी कायदा झालेले असते. ग्रंथ एकदा इंग्रजीत आला की मौलवींना पगार कशासाठी द्यायचा, हा प्रश्न आपणांस सुचेलच. इंग्रजांना तो सुचला आणि 1864 मध्ये न्यायालयांतील मौलवींची व पंडितांची पदे रद्द झाली.

यानंतर कायद्याची छाटणी करावी. गुन्हेगारी कायदा 1860 च्या दंडसंहितेने काढून घ्यावा, पुरावा आणि करार 1872 च्या दोन कायद्यांनी. धर्म बुडाला अशी मोठी ओरड होईल ही भीती बाळगू नये. व्यापार, शिक्षा, साक्षीपुरावा यांतून शरियत बाहेर पडली तरी शिल्लक राहिलेल्या विवाह, तलाक आणि वारसा एवढ्याच प्रांताला सर्वांनी मिळून ‘संपूर्ण शरियत’ म्हणावे. जेथे पैसा आणि सत्ता आहे तेथे विलायतेचा कायदा, जेथे बायका आहेत तेथे ईश्वराचा, अशी ही वाटणी आहे आणि ती दीर्घकाळ कोणी मोडली नाही.

उरलेल्या प्रांतात न्याय कसा करावा, याचे दोन नमुने पाठ करून ठेवावेत. 1847 मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा या मुसलमान समाजाच्या मुलींनी कुराणाप्रमाणे वडिलांच्या संपत्तीत हिस्सा मागितला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी सांगितले की या समाजात मुलींना हिस्सा न देण्याची रूढी आहे, सबब रूढी चालेल. पन्नास वर्षांनी, 1897 मध्ये, एका विधवेने कुराणातील आयतीच्या आधारे निर्वाहखर्च मागितला, तेव्हा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितले की इतक्या प्राचीन व थोर भाष्यकारांच्या विरुद्ध जाऊन कुराणाचा अर्थ लावणे न्यायालयाला शोभत नाही, सबब भाष्य चालेल. सूत्र लक्षात आले असेल. बाईने ग्रंथ दाखवला तर तिला रूढी दाखवावी. रूढीची सोय नसेल तर भाष्य दाखवावे.

रूढी फारच बोचू लागली तर 1937 सारखा शरियत कायदा करावा. त्यात मुसलमान स्त्रियांना रूढीऐवजी शरियतप्रमाणे वारसा मिळेल असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि ‘शेतजमीन वगळून’ हे दोन शब्द मध्येच बसवावेत. शेती हा प्रांतिक विषय आहे असे कारण द्यावे. ते खरेही आहे, आणि पंजाबच्या जमीनदारांना ते पटतेही. जो कायदा सातव्या आकाशातून खाली आला तो शेताच्या बांधापाशी अडला, यात कोणाला काही खटकत नाही.

एक जागा मात्र जपावी. भारतात प्रचलित असलेल्या हनफी या सुन्नी पंथाच्या मताप्रमाणे स्त्रीला विवाहातून सुटण्याचा मार्ग जवळजवळ नसल्यामुळे काही स्त्रिया धर्म सोडून सुटका करून घेऊ लागल्या, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी या धर्मपंडितांनी मालिकी या दुसऱ्या सुन्नी पंथाच्या मताचा आधार शोधून काढला आणि 1939 चा विवाहविच्छेद कायदा झाला. म्हणजे निकड पडली की उलेमांनाच दार सापडते. ही गोष्ट पुढच्या पिढीला शक्यतो सांगू नये. इजिप्तने 1929 मध्ये एका दमात उच्चारलेले तीन तलाक एकच धरले आणि पाकिस्तानने 1961 मध्ये तलाकला नोटीस व नव्वद दिवसांची मुदत लावली, हेही सांगू नये.

आता स्वातंत्र्य मिळाले आहे असे समजा. परक्यांचे बाकी सर्व टाकले तरी हा कायदा टाकू नये. व्यक्तिगत कायद्यांना मूलभूत हक्कांची कसोटी लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1951 मध्ये हिंदू द्विभार्येच्या एका खटल्यात सांगून ठेवलेच आहे. हमीद दलवाई यांच्यासारखा कोणी चिपळूणकडचा मनुष्य 18 एप्रिल 1966 रोजी तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईच्या विधानभवनावर आला, तर निवेदन स्वीकारावे. स्वीकारण्याने काही बिघडत नाही. इंदूरच्या शाहबानो या तलाक दिलेल्या स्त्रीला दरमहा 179 रुपये 20 पैसे पोटगी द्यावी, असे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने 1985 मध्ये कायम केले, तर मात्र संसदेने तातडीने धर्मरक्षणास धावावे आणि 1986 मध्ये इद्दतीनंतरचा, म्हणजे तलाकनंतरच्या सुमारे तीन महिन्यांच्या मुदतीनंतरचा, भार नवऱ्याऐवजी नातलगांवर व शेवटी वक्फ मंडळावर टाकावा. त्या खटल्यात शरियतचा अर्थ पाहण्यासाठी ज्यांचे पाठ्यपुस्तक उघडले गेले ते दिनशा मुल्ला मुंबईचे पारशी वकील होते, याची वाच्यता मोर्चात करू नये.

आपण विरोधी बाकावर असाल तर हाच कायदा ‘चौदाशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून झोडपावा. हॅमिल्टनचे नाव तेथेही अडचणीचेच. समान नागरी कायद्यासाठी गोव्याचा दाखला द्यावा. ती 1867 ची पोर्तुगीज संहिता आहे, आणि 1880 च्या हुकुमाने तेथील हिंदू पुरुषास काही अटींवर दुसऱ्या विवाहाची मुभा दिली होती, हा तपशील सभेत वेळ खातो.

सत्ता आली की सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालाने रद्द ठरलेल्या तिहेरी तलाकवर 2019 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा करावा. ज्या शब्दांनी विवाह मोडतच नाही, ते उच्चारल्याबद्दल मुसलमान नवरा तुरुंगात जाईल, न उच्चारता बायकोला सोडून गेलेला कोणत्याही धर्माचा नवरा घरी राहील. याच कायद्यात पत्नीला निर्वाहभत्ता मिळण्याचेही कलम आहे. तो भत्ता कैदेतील नवऱ्याने कोठून आणायचा, असे तिने विचारलेच, तर ही बाब धर्माची की न्यायालयाची हे ठरवण्यासाठी तिला पुढची तारीख द्यावी.