मघाशी तर चालत होते की!

हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरतं. आमच्या सासऱ्यांना, अण्णांना, पार्किन्सन्स आहे. गोळी लागू पडली की विश्रामबागच्या गल्लीत आरामात फेरी मारतात. तिचा असर उतरला की खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागतो, आणि दारात तर पाय जमिनीला चिकटतात. मग शेजारच्या काकू हजर! "मघाशी तर चालत होते की! तुम्हीच लाडावून ठेवलंय त्यांना."

अहो काकू, या आजारात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, कमी पडतं, ते लेव्होडोपाची गोळी काही तास भरून काढते. जेवणात डाळ, दूध, अंडी जास्त झाली तर काहींना ती नीट लागू पडत नाही. म्हणून आम्ही घड्याळ लावून गोळी देतो. आणि नेमकी त्याच वेळी तुम्ही "घ्या अण्णा, प्रेमानं आणलंय" म्हणत बासुंदीची वाटी पुढं करता!

हात थरथरला तरच आजार खरा, असं यांना कुणी सांगितलं देव जाणे. काहींना कंप नसतोच, नुसता ताठरपणा असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स धरलाय. सरकारला कळलं, गल्लीला कळेना. कालही एक पाहुणे सल्ला देऊन गेले, "मनावर घेतलं की सगळं जमतं." त्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात, म्हणून जिना चढून वर आले नाहीत. खालूनच ओरडत होते.