डिसेंबरात घरी आलेल्याला रँकिंग विचारू नका

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की अमेरिकेतल्या विद्यापीठांचे डॉर्म, म्हणजे वसतिगृहं, रिकामे होऊ लागतात. पहिल्या सेमिस्टरची शेवटची परीक्षा झाली, की बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांच्या आत खोली सोडावी लागते. मग तीन ते पाच आठवडे सुट्टी. घरी आलेलं पोर दुपारी बारापर्यंत झोपतं आणि उठल्यावर फ्रिज उघडून नुसतंच उभं राहतं. नेमक्या त्याच दिवसांत पुण्या-नागपूरहून नातेवाइकांचे फोन येतात, आणि बोलण्याचा सूर ठरलेला: ‘तुमच्याकडे बरं आहे, मुलांना मोकळीक असते. इथे परीक्षांनी जीव घेतलाय.’

गेली काही वर्षं या बोलण्याला नवी फोडणी मिळाली आहे. 2020 साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यासोबत चार वर्षांची पदवी, मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय), मिळवलेले क्रेडिट म्हणजे श्रेयांक साठवणारी बँक आणि मध्येच बाहेर पडून परत येण्याची सोयही आली. एक बाजू म्हणते, चला, आपणही अमेरिकेसारखे झालो. दुसरी म्हणते, आधी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा, मग पोरांना विषय निवडायला सांगा. मला दुसरी बाजू जास्त पटते. पण दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेली एक गोष्ट मुळातच चुकीची आहे. इकडे अमेरिकेत परीक्षा कमी असतात, हा तो गैरसमज. उलट दर दोन-तीन आठवड्यांनी काहीतरी असतंच. फरक आहे तो उरलेला वेळ कोण सांभाळतं, यात.

पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला 15. वर्गात बसायचे तास आठवड्याला सुमारे पंधराच. बारावीपर्यंत सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी क्लास असं आयुष्य काढलेल्या मुलाला हा स्वर्गच वाटतो. पण वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास अभ्यास, असा हिशेब धरलेला असतो. पंधरा आणि तीस मिळून आठवड्याचे पंचेचाळीस तास झाले. त्यातले तीस तास कोणी वेळापत्रकात छापून देत नाही. पहिल्या सेमिस्टरमध्ये मुलं घसरतात ती इथे.

घसरण दिसते कशी, ते एका विषयापुरतं आकडे घेऊन पाहू. सिलॅबसवर लिहिलंय: गृहपाठ 20 टक्के, दोन मिडटर्म (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षा) प्रत्येकी 20, फायनल 40. इकडचा सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी एवढंच नसतं. कुठल्या तारखेला काय द्यायचं, उशीर झाला तर किती गुण कापणार, हे सगळं त्यात पहिल्याच दिवशी लिहून दिलेलं असतं. आता समजा गृहपाठात 90 आहेत, पहिल्या मिडटर्मला 62 आणि दुसऱ्या मिडटर्मला 70. म्हणजे गृहपाठाचे 18, मिडटर्मचे 12.4 आणि 14. एकूण 60 पैकी 44.4. ‘बी’साठी 80 हवे असतील, तर फायनलच्या 40 पैकी 35.6 मिळवायला हवेत. म्हणजे ज्या विषयाच्या परीक्षेत सत्तरच्या वर गेला नाही, त्यात एकदम 89 टक्के. ही आकडेमोड दहाव्या आठवड्याआधी केली तर उपयोग, कारण साधारण त्याच सुमाराला विषय सोडायची मुदत संपते. मुदतीत सोडला तर गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची खूण, येतो; जीपीएला, म्हणजे सरासरी गुणांकाला, धक्का लागत नाही. हीच आकडेमोड डिसेंबरात केली तर फक्त हळहळ. एक सावधगिरी: एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाने परस्पर विषय सोडून 12 क्रेडिटच्या खाली जायचं नाही. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी, नाहीतर व्हिसाच्या स्टेटसवरच बेतायचं.

आता याला इकडे आधार काय असतो? प्रत्येक विद्यार्थ्याला सल्लागार असतो. प्रत्येक प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास दार उघडं ठेवून बसतो, त्याला ऑफिस अवर्स म्हणतात. शिवाय लेखन केंद्र आणि गणिताचं मदत केंद्र, दोन्ही फुकट. आपल्या मुलांचा घोटाळा असा, की ऑफिस अवर्सला ‘ढ’ मुलं जातात असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ‘ए’ मिळवणाऱ्यांचीच तिथे रांग असते. महाराष्ट्रात क्रेडिट आले, मेजर-मायनर आले. पण चुकीचा मायनर घेतलास, अजून आठ दिवस आहेत, बदल, असं सांगणारा माणूस किती महाविद्यालयांत नेमला गेला? निवड करायला लावायची आणि सल्ला मात्र वरच्या वर्गातल्या मित्रावर सोडायचा, याला लवचिकता म्हणणं मला जड जातं. आणि एक गोष्ट घरच्यांनी प्रामाणिकपणे कबूल करायला हवी: इकडची सोय फुकट नाही. खासगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च कित्येक ठिकाणी 80 हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. ऑफिस अवर्सचं बिल त्यातच आलं.

सुट्टीची कामं साधी असतात, पण वेळेवर करायची असतात. फायनलच्या तारखा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच जाहीर होतात. त्या न बघता मुंबईचं स्वस्त तिकीट आधीच काढून ठेवायचं आणि मग परीक्षा 17 तारखेला निघायची, हा दरवर्षीचा प्रकार. तिकिटासाठी परीक्षा हलत नाही. एफ-1वाल्यांच्या आय-20च्या, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या दाखल्याच्या, दुसऱ्या पानावरची प्रवासाची सही बारा महिन्यांच्या आतली हवी. ती नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधीच घ्यावी, कारण नाताळ ते नववर्ष बहुतेक कार्यालयं बंद असतात. व्हिसाची मुदत संपली असेल तर भारतात जाऊन नवा शिक्का घ्यावा लागेल. ते चार आठवड्यांत उरकेल असं धरून चालू नये. डॉर्म बंद राहणार असेल तर सुट्टीत राहण्याचा अर्ज नोव्हेंबरातच भरावा लागतो. छोटा फ्रिज डिफ्रॉस्ट करून दार उघडं ठेवून जावं, नाहीतर जानेवारीत कुबट वासाची खोली. आणि परत येताना बॅगेत ताजा कढीपत्ता नको. तो आणायला बंदी आहे. मेतकूट खुशाल आणावं, कस्टमला खाद्यपदार्थ आहेत असं खरं सांगावं.

बाकी सुट्टीत दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येणं, एका पानाचा रेझ्युमे नीट करणं आणि पुढच्या सेमिस्टरची फी भरली गेली का ते पाहणं, एवढं झालं तरी पुष्कळ. फी राहिली तर खात्यावर होल्ड लागतो आणि विषय बदलता येत नाहीत. नेमकं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच ते करायचं असतं.

पालकांना एक गोष्ट फार लागते. विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या 1974 च्या फेर्पा कायद्यानुसार मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेली की गुण तिचे असतात. फी बापाने भरली म्हणून विद्यापीठ त्याला सहसा फोनवर गुण सांगत नाही. महाविद्यालयात पालकसभा भरवणाऱ्या आपल्या लोकांना हे उद्धट वाटतं. मला ते वाटत नाही. पण याचा अर्थ असा, की जे कळेल ते डिसेंबरात जेवणाच्या टेबलावरच कळणार.

आता जे अजून अकरावी-बारावीत आहेत त्यांच्यासाठी. महाराष्ट्रातून थेट पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांचा सगळ्यात मोठा तोटा त्यांना कोणी सांगत नाही. अमेरिकन विद्यापीठं नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागतात. आपल्याकडे दहावीनंतर अकरावी म्हणजे श्वास घ्यायचं वर्ष. त्यात ‘इंटिग्रेटेड’चा प्रकार: नाव एका ज्युनिअर कॉलेजात, शिकायचं क्लासमध्ये, आणि कॉलेजात प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायचं. या पद्धतीवर तिकडे जो वाद होतो तो हजेरीच्या नैतिकतेवर होतो. इकडे अर्ज करताना तिची किंमत वेगळ्याच जागी मोजावी लागते. अकरावीचे 58 टक्के तसेच गुणपत्रकावर उभे राहतात. शिवाय बहुतेक ठिकाणी शाळेच्या काउन्सेलरचं आणि एक-दोन शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, आणि ज्या प्राध्यापकाने मुलाला वर्गात पाहिलंच नाही तो लिहितो, ‘विद्यार्थी हुशार, नम्र व होतकरू आहे’. असं पत्र वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यामुळे निदान दोन विषयांच्या वर्गांना अकरावीपासून खरोखर बसा. बारावीच्या ऑगस्टमध्ये पत्र मागा. सोबत एक पान द्या: कुठला प्रयोग फसला, तो परत कसा केला, वर्गात कुठला प्रश्न विचारला.

कॉमन अ‍ॅप हा सामाईक अर्ज 1 ऑगस्टला उघडतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 किंवा 15 नोव्हेंबर, नियमित फेरीची जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे बारावीच्या प्रिलिमच्या डोक्यावरच. निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा. तो दिवाळीच्या सुट्टीत लिहून संपवा, डिसेंबरात फक्त दुरुस्त करा. उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं, शब्द नव्हेत. ‘गणेशोत्सव मंडळात सक्रिय सहभाग’ ही ओळ वाया गेली समजा. ‘दोन वर्षं मंडळाची वर्गणी सांभाळली, 140 पावत्यांचा हिशेब एक्सेलवर’ ही लागू पडते. आजीला डायलिसिसला नेणं, धाकट्या भावाला सांभाळणं, हेही भरता येतं. घरच्या जबाबदाऱ्यांसाठी त्या यादीत वेगळा प्रकारच दिलेला आहे. आपल्या मुलांना ते लिहायची लाज वाटते आणि मग दहा जागांत दहा ऑलिम्पियाड कोंबले जातात.

सॅट या प्रवेशासाठीच्या परीक्षेबद्दल थोडक्यात. ही परीक्षा आता डिजिटल आहे, दोन तास चौदा मिनिटांची. एमआयटीने 2022 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, हार्वर्ड आणि कॅलटेकने 2024 मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा ती बघतच नाहीत. जेईईची तयारी करणाऱ्याला गणित सोपं जाईल, गुण जातील ते इंग्रजी उताऱ्यांत. वेळ तिथे घालवा.

अमेरिकेतच वाढलेल्या मराठी मुलांची अडचण निराळी. आईबाप एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आणि ग्रीन कार्डच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेत असतील, तर त्यांच्यावर अवलंबून असलेला मुलाचा एच-4 व्हिसा एकविसाव्या वाढदिवसाला संपतो, म्हणजे पदवीच्या ऐन मध्यावर. एफ-1चा अर्ज त्याच्या कितीतरी महिने आधी करावा लागतो. एच-4वर फाफ्सा या अर्जातून मिळणारी सरकारी आर्थिक मदतही मिळत नाही. राज्याच्या रहिवाशांची कमी फी मिळेल की नाही, हे त्या त्या राज्यावर. कॉलेजची यादी करतानाच हे तपासा, प्रवेशपत्र हातात आल्यावर नको.

आणि घरी किंवा शेजारी कोणी पहिल्या वर्षाची मुलगी सुट्टीवर आली असेल, तर बारावीच्या पोरांनी तिच्याकडे जरूर जावं. रँकिंग विचारू नये, ते फोनवर दिसतं. मंगळवारचा दिवस कसा गेला ते विचारावं, तासातासाने. कुठल्या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं की झेपत नाहीये, आणि मग कोणाचं दार ठोठावलं? कुठला विषय सोडावासा वाटला, आणि मुदत माहीत होती का? जेवण कुठे, रात्री साडेनऊनंतर भूक लागली तर काय? फक्त हे पहिल्या दिवशी विचारू नका. फायनलच्या आठवड्यात दोन-तीन रात्री जागून ती आलेली असते. चौथ्या दिवशी जा, आणि जेवण झाल्यावर विचारा.