चार टेस्टवाला कोच

आमच्या मामांचं म्हणणं एकच असतंय, इंडिया हरली की कोच बदला, आणि नवीन आणायचा तर शंभर टेस्ट खेळलेलाच आणा. २०२४ ला न्यूझीलंडने घरात येऊन ०-३ केलं तेव्हा हेच, २०२५ च्या नोव्हेंबरात साउथ आफ्रिकेने ०-२ केलं तेव्हापण हेच. कोच गौतम गंभीर ५८ टेस्टच खेळलाय, म्हणून असं होतंय म्हणे. सांगलीत गावभागातल्या त्यांच्या कट्ट्यावर आणि आमच्या घरच्या ग्रुपवर हाच विषय आठवडाभर चालतो, आणि मी इथं अ‍ॅडलेडला किचनमध्ये उभी राहून वाचत असते. उत्तर द्यावं वाटतं पण फोनवर टाईप करून होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मामा, १९ नोव्हेंबर २०२३ आठवा. अहमदाबादची वनडे वर्ल्ड कपची फायनल, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. इथं रात्रीचे अडीच वाजत आले होते आणि मी आणि माझा मुलगा सोफ्यावर गप्प बसलो होतो. आपल्या बाजूला कोच होता राहुल द्रविड, १६४ टेस्ट. समोरच्या बाजूला अँड्र्यू मॅकडोनाल्ड, ४ टेस्ट. चारच, आणि त्यापण सगळ्या २००९ मध्ये, साउथ आफ्रिकेविरुद्ध. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या ओव्हलला टेस्ट चॅम्पियनशिपच्या फायनललापण हेच दोघे समोरासमोर होते आणि तिथंपण आपण २०९ रननी हरलो. द्रविड कमी होता असं मी म्हणत नाहीये, पुढच्याच वर्षी त्यानेच टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकून दिला. मी एवढंच म्हणते की १६४ आणि ४ या आकड्यांवरून कोचचं काही कळत नाही.

हा मॅकडोनाल्ड कोण ते आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं. व्हिक्टोरियाचा ऑलराउंडर, मिडियम पेस टाकायचा आणि खाली येऊन बॅटिंग करायचा. सायमंड्स जखमी झाला म्हणून ऑस्ट्रेलियाच्या टीममध्ये आला. २००९ च्या अ‍ॅशेसला इंग्लंडला घेऊन गेले, एकही टेस्ट खेळवली नाही, आणि मग परत कधी बोलावलंच नाही. आयपीएलमध्ये दिल्लीकडून, बंगलोरकडून खेळला, शेवटी शेवटी आमच्या साउथ ऑस्ट्रेलियाकडून. अशा माणसाला आपल्याकडे काय म्हणतात ते मला चांगलं माहितीये, ना धड बॉलर ना धड बॅट्समन. आमच्या दादाला हेच शब्द ऐकवून जिल्ह्याच्या टीममधून काढलं होतं. त्याचं पुढं सांगते.

तर मॅकडोनाल्ड कोच झाला तो सरळ ऑस्ट्रेलियाचा नाही झाला. आधी इंग्लंडला लेस्टरशायरकडे गेला, जी टीम २०१३ आणि २०१४ असे दोन अख्खे सीझन काउंटी चॅम्पियनशिपची एक मॅचसुद्धा जिंकली नव्हती. तो दुष्काळ २०१५ मध्ये त्याच्या हाताखाली संपला. मग व्हिक्टोरिया, पहिल्याच सीझनला शेफिल्ड शील्ड, म्हणजे इथली रणजी. २०१८-१९ मध्ये शील्ड, वनडे कप आणि मेलबर्न रेनेगेड्सबरोबर बिग बॅश, म्हणजे इथली टी-ट्वेंटी लीग, तिन्ही. मग ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कोच लँगर, त्याचा असिस्टंट. मध्ये राजस्थान रॉयल्सचा कोच होता आणि २०२० ला ती टीम शेवटच्या नंबरवर आली, हेपण सांगायला पाहिजे. म्हणजे माणूस शिकत शिकत, हरत, मार खात वर आलाय, कोचिंग हे वेगळं काम आहे असं समजून.

आणि इथले लोक फार शहाणे आहेत असंपण नाही हं. जस्टिन लँगर १०५ टेस्ट खेळलेला, सँडपेपरने बॉल घासायच्या भानगडीनंतर टीम हातात घेतली, २०२१ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप आणला, अ‍ॅशेस ४-० जिंकली आणि महिन्याभरात, फेब्रुवारी २०२२ ला, त्याला जावं लागलं, कारण खेळाडूंना त्याचा कडकपणा नको होता. केवढा गोंधळ झाला इथं! पाँटिंग, हेडन सगळे चिडले. माझ्या ऑफिसातले लोक तावातावाने बोलत होते की खेळाडूंनी कोच ठरवायचा का, आणि मला २०१७ चं कोच कुंबळे आणि कॅप्टन कोहलीचं प्रकरण आठवत होतं, अगदी तेच वाद, फक्त भाषा इंग्लिश. प्रत्येक गावात मामा असतात. फरक कुठं आहे तर लँगर गेल्यावर इथं चार टेस्टवाल्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याला सिलेक्शन कमिटीतपण घेतलं. आपल्याकडे कोचला सिलेक्शनमध्ये मत नाही, पण हरल्यावर शिव्या पहिल्या त्याला.

२०२३ च्या त्या वर्ल्ड कपचंच बघा. ट्रॅव्हिस हेडचा हात फ्रॅक्चर होता, अर्धी स्पर्धा तो खेळणारच नव्हता, तरी पंधरा जणांच्या टीममध्ये ठेवला. पहिल्या दोन मॅच हरल्यावरपण बदलला नाही. आल्या आल्या धरमशालाला १०९ आणि फायनलला १३७. हेड आमच्या अ‍ॅडलेडचा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी इथं जो तो खूश, आणि मला रडू येत होतं. पण तो निर्णय घ्यायला केवढं धाडस लागलं असेल. हेडचा हात वेळेत बरा झाला नसता तर मॅकडोनाल्डलाच सोललं असतं सगळ्यांनी.

आता रवी शास्त्री, गंभीर-द्रविडच्या आधीचा आपला कोच. माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं उदाहरण आहे, म्हणून मुद्दाम घेते. कोचिंगचा फारसा अनुभव नाही, कॉमेंट्रीचा माईक ठेवून ड्रेसिंग रूममध्ये. तोपण ऑलराउंडर, ८० टेस्ट, ३८३० रन, १५१ विकेट. १९८१ ला वेलिंग्टनला दहाव्या नंबरवर बॅटिंगला आलेला पोरगा पुढं ओपनर झाला आणि १९९२ ला सिडनीत २०६ मारले. लोकांनी 'हाय हाय' करून स्टेडियम डोक्यावर घेतलं, तेपण त्याने सोसलं. १९ डिसेंबर २०२० ला मी मुलाला घेऊन अ‍ॅडलेड ओव्हलला होते, शनिवार होता. आपण ३६ रनमध्ये संपलो. मुलगा मला विचारत होता, आई संपली का मॅच, आणि मला बोलता येईना. त्याच्या बरोबर महिन्याने, १९ जानेवारीला, त्याच टीमने ब्रिस्बेनला ३२८ चेस केले, कोहली घरी, निम्मे बॉलर जखमी, नुसत्या सरावासाठी नेट बॉलर म्हणून आलेली पोरं टेस्ट खेळतायत. फिल्डिंग कोच श्रीधरनी नंतर सांगितलं की त्या ३६ ला शास्त्री म्हणाला होता, हा आकडा बॅजसारखा मिरवा. मला वाटतं जो दहाव्या नंबरवरून पहिल्यावर गेलाय, ज्याने शिव्या खाल्ल्यात, त्यालाच असं सुचतं. बॉलिंग करताना मार खाल्लेला, बॅटिंगला वाट बघत बसलेला, दोन्हीकडून संघाबाहेर जायची भीती असलेला माणूस, त्याला टीममधल्या प्रत्येकाची जागा माहीत असते. मोठं नाव नव्हे, हे कामाला येतं.

आणि सांगलीकरांना हे मी सांगायचं म्हणजे नवलच आहे. विजय हजारे आपल्या सांगलीत जन्मले, १९१५ ला. जानेवारी १९४८ ला इथं अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या टीमपुढं दोन्ही डावांत सेंच्युरी, ११६ आणि १४५. ब्रॅडमनला बोल्डपण केलं, २०१ वर का होईना. आणि हजाऱ्यांना शिकवलं कुणी? क्लॅरी ग्रिमेटने, जो याच अ‍ॅडलेडचा, साउथ ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर. एका बॉलरने बॅट्समन घडवला. अ‍ॅडलेड ओव्हलवर गेले की मी दरवेळी मुलाला हे सांगते, त्याला पाठ झालंय.

इथं शनिवारी सकाळी मुलांच्या मॅचचं स्कोअरिंग माझ्याकडे असतं. लहान वयात पिच १६ मीटरचं, नंतर १८ चं, प्रत्येकाला बॅटिंग, प्रत्येकाला बॉलिंग, विकेटकीपिंगपण फिरवून. सगळी पोरं ऑलराउंडरच. कोच म्हणजे कुणाचा तरी बाप किंवा आई, पण पोरांजवळ जायच्या आधी सरकारी तपासणी आणि कोर्स. पोरांत भूक कमी आहे हे मला खटकतं, फीपण भरपूर आहे. सांगलीत विश्रामबागला आम्ही राहायचो तिथली पोरं उन्हात चार तास फिल्डिंग करून दोन ओव्हर मिळाल्या तरी खूश असायची. पण तिथं दहाव्या वर्षीच ठरायचं, तू बॉलर, तू फक्त फिल्डिंग.

दादा दोन्ही करायचा. ऑफस्पिन आणि सहाव्या नंबरवर बॅटिंग. एकोणिसाव्या वर्षी काढलं, त्या माणसाचं नाव मी घेणार नाही. आज तो सकाळी साडेसहाला मैदानावर तीस पोरांना शिकवतो, मग नोकरीवर जातो. पालक पहिला प्रश्न काय विचारतात? तुम्ही कुठपर्यंत खेळलाय? जिल्हा म्हटलं की तोंड वाकडं करतात. निम्मे लोक फी देत नाहीत आणि पोरगं दोन महिन्यांत चमकलं नाही की दुसरीकडं नेतात.

२ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला. सांगलीच्या स्मृतीचे स्पर्धेत ४३४ रन, फटाके वाजले असतील घराघरात, वाजायलाच पाहिजेत. कोच कोण होता? अमोल मुझुमदार. फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन आणि इंडियासाठी एकपण मॅच नाही. मामा, शून्य टेस्ट.

त्या दिवशी मामांनी ग्रुपवर स्मृतीचा फोटो टाकला होता, मुझुमदारचा नाही. दादाने मात्र मुझुमदारचाच टाकला, खाली काही लिहिलं नव्हतं. मी डिसेंबरला येतेय, मुलाला घेऊन. तो महिनाभर दादाकडे खेळणार आहे, पूर्ण फी भरून, सकाळी साडेसहाला. मामा, तुम्हीपण या मैदानावर एकदा, घरापासून लांब नाहीये.