मदतीचा प्रयोग लावताय? आधी तिकिटांचं गणित मांडा

संस्थेच्या मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावणं आपल्याकडे जुनंच आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नटांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. आजही शाळा, वाचनालयं, वसतिगृहं हाच मार्ग धरतात. पण कितीतरी ठिकाणी 'हाउसफुल्ल'चा बोर्ड झळकतो आणि हिशोबाला बसलं की हाती काही लागत नाही. तिकीटविक्रीलाच निधी समजलं की असं होतं. तिकिटांतून प्रयोगाचा खर्च निघावा, एवढीच अपेक्षा ठेवा. निधी येतो स्मरणिकेतल्या जाहिरातींतून आणि थेट देणग्यांतून.

समजा, ४० मुलींचं वसतिगृह आहे. एका मुलीच्या जेवणाला महिना १,५०० रुपये धरले तर दहा महिन्यांचे ६ लाख. नाट्यगृह ८०० खुर्च्यांचं, त्यातल्या ४० पासांत गेल्या. राहिल्या ७६०. त्यात २०० तिकिटं ५०० ची, ३०० तिकिटं ४०० ची, २६० तिकिटं ३०० ची. सगळी खपली तर २ लाख ९८ हजार. पण सगळी खपत नाहीत. पाऊण थिएटर भरलं तर सव्वादोन लाखांच्या आसपास. कॉन्ट्रॅक्ट शोची (म्हणजे नाटक कंपनीला प्रयोगासाठी द्यायची ठरलेली) रक्कम, भाडं, तिकिटांची छपाई, मंडळींचं चहापाणी मिळून खर्चही तेवढाच धरून चाला. झालं, शिल्लक शून्य! दर वाढवायचा मोह होतो, पण नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यापुढे नाही.

आता स्मरणिका. पूर्ण पान १० हजार, अर्धं ६ हजार, मागचं कव्हर ४० हजार, आतली दोन्ही कव्हरं २५-२५ हजार. २० पूर्ण आणि १६ अर्धी पानं मिळाली तर कव्हरांसकट ३ लाख ८६ हजार होतात. छपाईचे ६० हजार वजा केले तरी सव्वातीन लाख हातात राहतात. यासाठी दुकानांची, कारखान्यांची, डॉक्टरांची यादी तीन महिने आधी करायला घ्या. घोळ नेहमी एकाच जागी होतो: "आमचं एक पान धरा हो" असं तोंडी सांगितलं जातं, पान लागतं, आणि पैशांसाठी पुढे चार महिने खेटे घालावे लागतात. पैसे जमा झाल्याशिवाय पान छापायला द्यायचं नाही, ओळख कितीही जवळची असो. मजकूर आणि पैसे दोन्ही प्रयोगाच्या १५ दिवस आधी आलेच पाहिजेत. जाहिरातीचं बिल द्या, देणगीची पावती देऊ नका. व्यापारी तो खर्च जाहिरातखर्चात दाखवतो. तिकिटाचंही तसंच. त्याच्या बदल्यात माणूस नाटक बघतो, म्हणून त्यावर देणगीदाराला मिळणारी आयकराची सवलत (जिला ८०जी म्हणतात) कबूल करू नका.

तारखेबद्दल थोडक्यात: गणपतीत सगळ्यांची वर्गणी देऊन झालेली असते, दिवाळीत बोनस घरात जिरतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी परीक्षा. जानेवारी बरा. नाट्यगृहाचा अर्ज मात्र कित्येक महिने आधी टाका.

तिकिटांची पुस्तकं दहा-दहाची करा, क्रमांक घाला आणि कुणाकडे कोणतं पुस्तक गेलं ते वहीत सहीनिशी लिहा. दर रविवारी स्थळप्रती (पुस्तकात उरणारे तिकिटांचे भाग) आणि पैसे जुळवायचे. प्रयोगाआधी दहा दिवस न खपलेली पुस्तकं परत. ही शिस्त नसेल तर आदल्या रात्री कुणीतरी "माझी तीस राहिली" म्हणत येतो आणि त्या खुर्च्या रिकाम्या जातात. नाट्यगृहाचा खुर्च्यांचा प्लॅन एकाच माणसाच्या हातात हवा. दोघांकडे असला की एफ-१४ वर दोन कुटुंबं उभी राहतात.

क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा, कार्यकर्त्याच्या फोनचा कधीही नाही. ८०जीसाठी देणगीदाराचा पॅन घ्या; रोख २,००० च्या वर असेल तर त्याला सवलत मिळत नाही, हे आधीच सांगा. नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय आयुक्तांकडून निधी गोळा करण्याची (कलम ४१ क ची) परवानगी काढावी. आणि अमेरिकेतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर त्याचं नागरिकत्व विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असूनही ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही.

वरच्या हिशोबात ६ लाखांना अजून २ लाख ७४ हजार कमी आहेत. म्हणजे साधारण १८ मुलींचं जेवण. आवाहन नेमकं याच शब्दांत करा: "एका मुलीचं वर्षाचं जेवण, १५ हजार." 'सढळ हाताने मदत करा' ऐकून कुणाचाच हात खिशाकडे जात नाही. प्रयोग संपल्यावर आवाहन करणं ही तर मोठीच चूक. तोवर लोक पार्किंगकडे निघालेले असतात. मध्यंतरानंतर लोक वडा-चहा घेऊन जागेवर बसले की पडदा उघडण्याआधी चार मिनिटं, एकच वक्ता. सत्कार, शाली, नारळ सगळं मिळून सुरुवातीच्या दहा मिनिटांत उरका. नाट्यगृहाची वेळ उलटली तर जादा भाडं संस्थेच्याच माथी बसतं.

मुलींना मात्र रंगमंचावर आणून उभं करू नका. आपली गरज परक्यांपुढे मांडायला लावणं त्यांच्यावर अन्याय आहे. त्यापेक्षा प्रवेशद्वाराशी एक टेबल लावा आणि त्यावर ४० जणींचा एका दिवसाचा शिधा मांडा: ८ किलो पीठ, ४ किलो तांदूळ, २ किलो डाळ, ६ किलो भाजी, लिटरभर तेल, शेजारी प्रत्येकाचा भाव. माणसं तिथे थांबतात, बोटाने हिशोब करतात, आणि प्रश्न विचारतात. दोन जाणकार कार्यकर्ते तिथेच हवेत.

सभागृहात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक रांगेच्या टोकाला संकल्पपत्रं आणि पेनं द्या: नाव, फोन, रक्कम, कधी देणार. आठ दिवसांच्या आत प्रत्येकाला फोन गेला पाहिजे, महिन्याने केलात तर अर्धे लोक विसरलेले असतात. पंधरा दिवसांत जमाखर्चाचं एक पान सगळ्या देणगीदारांना पाठवा, खर्चाच्या बाजूसकट. आणि जूनमध्ये वसतिगृह सुरू झालं की पहिल्या आठवड्याचा जेवणाचा तक्ता त्याच पत्त्यांवर जाऊ द्या.