एकादशी पाळणारा अश्मयुगीन

मध्याश्मयुगातला माणूस एकादशीला साबुदाणा खात असे, याचा पुरावा माझ्याजवळ आहे. तो मी कुठे छापणार नाही, एवढेच.

उत्तर गुजरातेत लांघणजसारख्या स्थळांवर मिळतात तशी नखाएवढी दगडी पाती बडोद्यातल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि त्यांच्या धारेवर हजारो वर्षांपूर्वीच्या कंदाचा वा मांसाचा काही अंश उरला आहे का ते पाहायचे, हे माझे काम. ध्रुवित प्रकाशात पिष्टकणावर, म्हणजे स्टार्चच्या कणावर, काळी फुली उमटते आणि जीव हरखतो. दुर्दैव असे की, दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना उडून माझ्या बाहीवर बसलेल्या पिठीवरही तशीच फुली उमटते. शिजलेल्या पिठाची ती नाहीशी होते, पण पिठी कच्ची असते. आषाढात तर उपवासाच्या थालिपिठासाठी साबुदाणा मिक्सरमधून काढला जातो आणि ज्या कसाव्यापासून तो होतो, तो दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे आमच्या अश्मयुगीनाने कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीआधीच तिकडे जाऊन फराळाची सोय केली होती म्हणायची.

हातमोजे घालावेत, तर पूड लावलेल्या मोज्यांतली पूड मक्याच्या पिष्टाची, आणि मकाही अमेरिकेचाच. अमेरिकेने असे वैद्यकीय मोजे २०१७ मध्ये बंद केले खरे, पण ते रुग्णांच्या काळजीने. दगडांची काळजी आमची आम्हालाच. मोजे काढावेत, तर बोटांच्या कातडीचे पापुद्रे पात्यावर पडतात आणि ते प्राण्याच्या ऊतीसारखे दिसतात. पाते हलू नये म्हणून खाली जी मुलांची खेळायची माती लावतात, तीही आपला तेलकट डाग ठेवून जाते. युरोपातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘मायक्रॉन’ या नियतकालिकात अशा घुसखोरांची सचित्र ओळखपरेडच छापली, तेव्हा हा छळ जागतिक आहे हे कळून मला फार बरे वाटले.

सासूबाईंना मात्र हे सगळे नखरे वाटतात.

‘‘अगं, मग ते दगड ब्रशने खसखसून धुऊन का घेत नाहीस?’’

‘‘आई, उत्खननानंतर वर्षानुवर्षे तेच करत आले सगळे. जुना अंश मोरीत गेला आणि ब्रशचे तंतू तेवढे राहिले.’’

‘‘बघ, म्हणजे धुतात तरी ते!’’

आता टेबलावर रिकाम्या काचपट्ट्या उघड्या ठेवून हवेतून काय पडते ते आम्ही तपासतो. पाते ज्या मातीतून निघाले, तीही शेजारी तपासतो, आणि काचपट्टीवर जे सापडते ते पात्यावर सापडले तर मुकाट्याने सोडून देतो. उत्तरायणाच्या सुमारास बाहेर रस्त्यावर मांजाला खळ आणि काचेची पूड लावणे चालू असले, की खिडक्या बंद राहतात आणि नवे नमुने पिशवीतच राहतात. नोंदवहीत तारीख, नमुना क्रमांक, मोज्यांचा प्रकार यांच्या शेजारी आता ‘आज डब्यात काय’ असाही एक रकाना आहे. बाकीच्या रकान्यांसाठी सहकाऱ्यांच्या मागे लागावे लागते. हा मात्र सगळे न सांगता भरतात, आणि कुणी कुणी तर कृतीसुद्धा लिहून ठेवतात.