आपलं गाणं झालं की निघालो

साडेबारा वाजलेत, झोप येत नाहीये, म्हणून लिहितोय.

आज ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका कॅफेत ओपन माइक होतं. 14 नावं, प्रत्येकाला दोन गाणी, दहाला स्पीकर बंद. साडेसातला बसायला जागा नव्हती. मग नेहमीचंच. गाणं झालं, टाळ्या घेतल्या, जॅक काढला, व्हिडिओ नीट आलाय का बघितलं, निघाले. पावणेदहाला शेवटचं नाव पुकारलं तेव्हा समोर चार माणसं, आणि टेबलं पुसणारा कॅफेचा मुलगा.

ती कोपरखैरण्याची मुलगी. पहिल्यांदाच आलेली. स्वतःचं मराठी गाणं, आईच्या रात्रपाळीवरचं. सव्वादोन तास पुढे बसून तिने आम्हा 13 जणांना ऐकलं होतं, प्रत्येक गाण्यानंतर टाळ्या वाजवल्या होत्या. तिला ऐकायला त्या तेरांतले उरले दोघे.

बाकीचे अकराही जण माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहेत. वाचताय ना?

माझे बाबा कळव्यातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. 1995 चा गणपती, मी नऊ वर्षांचा. डबलबारी होती, म्हणजे दोन भजनी मंडळांचा सामना, आणि समोरच्या मंडळाशी आमच्या मंडळाचा उभा दावा. गजर रंगात आला आणि बाबांच्या पखवाजाची पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटली. समोरचा पखवाजवाला उठला, स्वतःचा पखवाज घेऊन आला. त्यांच्या गाणाऱ्या बुवांची पट्टी, म्हणजे सूर, खाली, आमच्या बुवांची वर. तर त्याने हातोडीने पखवाजाचे लाकडी गठ्ठे ठोकून तो आमच्या पट्टीत चढवला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांची बारी आली की उतरवायचा, आमची आली की चढवायचा. पहाटेपर्यंत हेच.

आणि कुणी उठून गेलं नाही. जाणार कसं? समोरच्या बुवाने काय म्हटलं ते ऐकल्याशिवाय आपल्या बुवाने उत्तर काय द्यायचं! भांडायचं असलं तरी आधी ऐकावं लागायचं.

आपण तर भांडतही नाही. रीलखाली बदाम टाकतो, 'भावा आग' लिहितो. पूर्ण गाणं किती जण ऐकतात? स्पॉटिफायवर 2024 पासून नियम आहे, वर्षभरात 1000 वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळतच नाही. त्या मुलीच्या गाण्याला हजार कुठून येणार? पहिले तेरा तर आपणच होतो ना.

हो, बदलापूरला जाणाऱ्याला गाडीचं बघावं लागतं. सकाळी ऑफिस असतं. मान्य. पण अकराच्या अकरा जण बदलापूरचे नव्हते. चार जण खाली पार्किंगमध्ये सिगरेट ओढत उभे होते, मी जाताना पाहिलं. तिचं गाणं चालू होतं तेव्हाही ते तिथेच असणार.

जानेवारी 2025 मध्ये नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले तीन दिवस वाजलं. आपल्यातले कितीतरी गेले. मीही 19 तारखेला गेलो, रडलो, त्यात काही वाईट नाही. पण तिथे तासन् तास उभे राहणारे आपले पाय इथे आपलं गाणं झालं की लगेच दाराकडे का वळतात?

आणि वर हेच म्हणणार, ठाण्यात सीनच नाही, वांद्र्याला जावं लागतं. अरे, गायक पं. राम मराठे या गावात राहिले. पी. सावळाराम, गीतकार माणूस, इथला नगराध्यक्ष झाला! गाव बहिरं नाहीये. कान आपले बंद आहेत.

चिडून लिहिलं. पुसत नाही. पण एक गोष्ट राहिली.

उरलेल्या दोघांतला एक मी, असं वर लिहिलं नाही. कारण मी खरं तर उरलो नव्हतो. गिटार बॅगेत टाकून, चेन लावून दारापर्यंत पोहोचलो होतो. रिक्षाही बघत होतो. मागून 'आई कामावर निघते तेव्हा' असं काहीतरी ऐकू आलं आणि पाय थांबले. परत येऊन बसलो तोवर ती दुसऱ्या कडव्यावर होती.

त्या डबलबारीच्या सकाळी बाबा घरी आले आणि चहा घेता घेता आईला समोरच्या बुवांची गवळण म्हणून दाखवत होते. स्वतःच्या वाजवण्याबद्दल अवाक्षर नाही. पखवाज आता भिंतीला आहे, बोटं वळत नाहीत. पण मी कुठून वाजवून आलो की अजूनही एकच विचारतात, "आज कोण चांगलं गायलं?"

आजही जागे होते. मी त्या मुलीचं सांगितलं. म्हणाले, म्हणून दाखव. दुसरं कडवं आठवेल तसं म्हटलं. मग म्हणाले, आणि पहिलं?

ती माझ्या लिस्टमध्ये नाही. आयोजकहो, पुढच्या वेळी तिचं नाव पहिलं लावा, माझं चौदावं. आणि कुणी तिला ओळखत असेल तर तिला विचारून मला कळवा. पहिलं कडवं हवंय.